प्रकाशापेक्षा वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिका आपल्याला दिसतात कशा?

पिंपळपार:
मंडळी, मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. विश्वाच्या प्रसरणाबद्दल बोलताना हबल–लमेत्र नियम फळ्यावर लिहिला. दीर्घिका जितकी लांब, तितकी ती जास्त वेगाने आपल्यापासून दूर जाते आणि दर मेगापार्सेकला, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, हा वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो. एका मुलीने वहीत तिथल्या तिथे भागाकार केला आणि उभी राहिली. "सर, मग १४ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे जे काही आहे ते प्रकाशापेक्षा वेगाने पळतंय."

गणित बरोबर आहे. मी तिला नेहमीचं उत्तर दिलं की अवकाशच प्रसरण पावतं, त्याला प्रकाशवेगाची मर्यादा लागू नाही. तिचं समाधान झालं नाही. तिचा पुढचा प्रश्न असा: तिकडून निघालेला प्रकाश आपल्याकडे सेकंदाला तीन लाख किलोमीटरने येणार, आणि मधलं अंतर त्याहून जास्त वेगाने वाढणार. मग तो पोचणारच नाही. तरी अशा दीर्घिकांची छायाचित्रं आपण बघतो, ती कशी?

मला "विश्व अद्भुत आहे" छापाचं उत्तर द्यायचं नाही. दहावीच्या मुलीला आकड्यांनिशी पटेल असं कोणी सांगू शकेल का?

उत्तररात्र:
मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा प्रश्न पदवीच्या वर्गातही फार थोड्यांना सुचतो. सविस्तर लिहिणारे येतीलच, मी रात्री भर घालतो.

कृत्तिका:
पिंपळपार सर, प्रश्नात दोन गाठी आहेत. आधी मर्यादेची सोडवू.

१९०५ च्या विशिष्ट सापेक्षतेतली मर्यादा नेमकी कशाला आहे? तुमच्या जवळून एखादी गोष्ट गेली आणि तुम्ही तुमच्याच पट्टीने, तुमच्याच घड्याळाने तिचा वेग मोजला, तर तो सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटरपेक्षा जास्त भरणार नाही. मोजणारा आणि मोजलं जाणारं एका ठिकाणी आहेत, हे इथे महत्त्वाचं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दोन दीर्घिकांमधलं अंतर दर सेकंदाला किती वाढतं ही वेगळी राशी आहे. तिला आपण 'वेग' म्हणतो, एकक तेच लावतो, म्हणून घोटाळा होतो. १९१५ च्या व्यापक सापेक्षतेत इथून तिथपर्यंत पुरेल अशी एकच सामाईक पट्टी मुळात नसते. ती दूरची दीर्घिका तिच्या शेजारच्या दीर्घिकांच्या मानाने बहुतेक जागच्या जागीच आहे. तिच्या दारावरून जाणारा प्रकाशही तिला बरोब्बर तेवढ्याच वेगाने जाताना दिसतो. कोणीही कोणाला शर्यतीत मागे टाकत नाही.

तुम्ही दिलेलं उत्तर खरंच आहे. पण ते इथे थांबतं, आणि मुलीचा खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

समजा आपल्यापासून काही अंतरावर एक प्रकाशकण आहे आणि त्याचं तोंड आपल्याकडे आहे. तो जिथे आहे तिथल्या अवकाशाच्या संदर्भात तो प्रकाशवेगाने येतोय. ते ठिकाण मात्र हबल स्थिरांक (म्हणजे तुमचा दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किलोमीटर हा आकडा) गुणिले अंतर इतक्या वेगाने मागे जातंय. आपल्यापासूनचं त्याचं अंतर कमी होण्याचा दर म्हणजे या दोन्हींची वजाबाकी. १४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आत उत्तर धन येतं, प्रकाश जवळ येतो. बाहेर ऋण येतं, म्हणजे आपल्याकडे तोंड करून निघालेला प्रकाशच आपल्यापासून दूर वाहत जातो. इथपर्यंत तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

आता तिच्या गणितात न आलेली एकच गोष्ट. हबल स्थिरांक हा स्थिरांक नाही. आज सगळीकडे तो एकच आहे, पण काळानुसार तो घटत आलाय. प्रकाशवेगाला हबल स्थिरांकाने भागलं की ही सीमा मिळते. छेद घटला की भागाकार वाढतो, म्हणजे सीमा बाहेर सरकते. सीमेच्या बाहेर अडकलेला प्रकाश मागे वाहत असतानाच सीमा त्याच्याकडे येत असते. ती त्याला गाठते, तो आत येतो, आणि तिथून पुढे जवळ यायला लागतो.

वर्गात करून घेण्यासारखं एक जुनं कोडं आहे. एक किलोमीटर लांबीची रबरी दोरी. तिच्या एका टोकावरून मुंगी सेकंदाला एक सेंटीमीटर चालते, आणि दोरी दर सेकंदाला एक किलोमीटरने ताणली जाते. मुंगी दुसऱ्या टोकाला पोचेल का? पोचते. पहिल्या सेकंदात ती दोरीचा एक लाखावा भाग कापते, पुढच्या सेकंदात दोरी दुप्पट झाल्यामुळे त्याच्या निम्मा, मग एक तृतीयांश. १ + १/२ + १/३ + १/४ ही बेरीज कितीही मोठी होऊ शकते, फक्त वेळ अफाट लागतो. दोरी मुंगीच्या मागच्या भागातही ताणली जाते आणि कापलेला हिस्सा कापलेलाच राहतो, ही त्यातली मेख.

साधाप्रश्न:
सुंदर समजावलंत. पण एक अडतंय. १९९८ मध्ये प्रसरणाचा वेग वाढतोय असं सापडलं, त्याला २०११ चं नोबेलही मिळालं. पर्लमटर, श्मिट आणि रीस. तुम्ही म्हणता हबल स्थिरांक घटतोय. दोन्ही एकदम कसं खरं असेल?

कृत्तिका:
हबल स्थिरांक हा चक्रवाढ व्याजाच्या दराच्या जातीचा आकडा आहे. आजचा दर म्हणजे अंतरं दर अब्ज वर्षांत साधारण सात टक्क्यांनी वाढणं. दर घटत असतानाही वार्षिक व्याजाची रक्कम वाढू शकते, कारण मुद्दल वाढत असतं. एखाद्या ठरावीक दीर्घिकेचा वेग म्हणजे दर गुणिले तिचं अंतर. दर हळूहळू उतरतोय आणि अंतर त्याहून झपाट्याने वाढतंय, म्हणून गुणाकार वाढतो. 'प्रसरण वेगावतंय' याचा अर्थ एवढाच. आजच्या समजुतीप्रमाणे हा दर, म्हणजे सरांनी फळ्यावर लिहिलेला ७० चा आकडा, उतरत उतरत पंचावन्न ते साठच्या दरम्यान स्थिरावेल, शून्यावर जाणार नाही. त्याचा परिणाम गंभीर आहे, त्यावर नंतर येऊ.

मंजिरी_क:
वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, मग दृश्य विश्वाची त्रिज्या ४६ अब्ज प्रकाशवर्षं कशी? प्रकाश तर १३.८ अब्ज वर्षंच चालला.

उत्तररात्र:
मंजिरीताई, प्रश्न भाबडा मुळीच नाही. प्रकाश चालत असताना त्याने ओलांडलेली वाट त्याच्या पाठीमागे ताणली जात राहिली. ४६ अब्ज हे त्या उगमस्थानाचं *आजचं* अंतर आहे.

कृत्तिकाताईंनी पाया घातलाच आहे, त्यावर मला सर्वांत विलक्षण वाटणारं उदाहरण सांगतो. वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी, म्हणजे पेन्झियस आणि विल्सन यांना १९६५ च्या सुमारास न्यू जर्सीत सापडलेलं प्रारण. हा प्रकाश महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा सुटला. जो भाग आज आपल्याला दिसतो तो सुटताना आपल्या जागेपासून फक्त सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवर होता. दुर्बिणींच्या हिशेबात हे अंगण आहे. साधं चालत आला असता तर सव्वाचार कोटी वर्षांत पोचला असता. लागली १३.८ अब्ज वर्षं.

कारण तेव्हा हबल स्थिरांक आजच्या वीस हजार पटींहून जास्त होता. ते सव्वाचार कोटी प्रकाशवर्षांवरचं ठिकाण आपल्यापासून प्रकाशवेगाच्या सुमारे साठपट वेगाने दूर जात होतं. आपल्याकडे निघालेला प्रकाश सुरुवातीची सुमारे चार अब्ज वर्षं आपल्यापासून दूरच जात राहिला. ५.८ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत तो मागे गेला, तिथे सीमेने त्याला गाठलं, आणि उरलेली जवळजवळ दहा अब्ज वर्षं तो जवळ येत राहिला.

हे त्या एकाच प्रारणाचं नाही. ताम्रसृती म्हणजे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी किती वाढली याचा आकडा; १ म्हणजे दुप्पट झाली. ताम्रसृती साधारण १.६ च्या पुढच्या *प्रत्येक* दीर्घिकेचा आज आपल्यापर्यंत आलेला प्रकाश आधी मागे गेला आणि मग पुढे आला. त्या सगळ्या दीर्घिका प्रकाश सोडताना प्रकाशवेगापेक्षा जास्त वेगाने दूर जात होत्या आणि आजही जात आहेत. सर, तुमच्या विद्यार्थिनीला सांगा की जेम्स वेब दुर्बिणीच्या खोल छायाचित्रांतले ते इवले लाल ठिपके बहुतेक असेच आहेत. जेड्स-जीएस-झेड१४-० ही २०२४ मध्ये जाहीर झालेली दीर्घिका १४ च्या वरच्या ताम्रसृतीवर आहे, आज ती ३३ अब्ज प्रकाशवर्षांच्याही पलीकडे आहे. ती दिसते, ही कल्पना नाही, निरीक्षण आहे.

याचा डोळ्यांना दिसणारा पुरावाही आहे. रोजच्या अनुभवात वस्तू लांब गेली की लहान दिसते. विश्वात हे १.६ च्या आसपासच्या ताम्रसृतीपर्यंतच चालतं. त्यापलीकडे त्याच आकाराची वस्तू पुन्हा *मोठी* दिसू लागते, कारण तिचा प्रकाश निघाला तेव्हा ती आपल्या जास्त जवळ होती.

पिंपळपार:
सव्वाचार कोटी आणि साठपट, हे आकडे उद्याच फळ्यावर येतील. शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला.

जुन्नरी:
आमच्या भागातलं उदाहरण देतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी. विज्ञान दिनाला तिथे सगळ्यांना प्रवेश असतो, शाळांच्या सहली येतात. सर, जमलं तर मुलांना जरूर आणा.

हायड्रोजन अणू २१ सेंटीमीटर तरंगलांबीची रेडिओलहर सोडतो. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालं की मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी जीएमआरटीवर हीच लहर एका फार दूरच्या दीर्घिकेतून पकडली. ताम्रसृती १.२९. निघताना २१ सेंटीमीटर असलेली लहर खोडदला पोचेपर्यंत ४८ सेंटीमीटर झाली होती. प्रवास ८.८ अब्ज वर्षांचा. मध्ये आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून तो संदेश तीसेक पट उजळवला, म्हणून तो हाती लागला.

माझा प्रश्न: ही दीर्घिका उत्तररात्र म्हणतात त्या सीमेच्या अलीकडची की पलीकडची?

उत्तररात्र:
थोडक्यात अलीकडची. आज ती १३ अब्ज प्रकाशवर्षांच्या थोडी पुढे आहे, दूर जाण्याचा वेग प्रकाशवेगाच्या नऊ-दशांशाच्या आसपास. लहर निघाली तेव्हाही तो प्रकाशवेगाच्या खालीच होता. म्हणजे तो संदेश एकदाही मागे गेला नाही, पहिल्या क्षणापासून खोडदच्या दिशेने जवळच येत राहिला. तेव्हा पृथ्वीही जन्मली नव्हती.

रेघोट्या:
मला हे सगळं प्रसरण गृहीत धरून केलेलं वाटतं. ताम्रसृती मोजली जाते, वेग कोणी मोजलेला नाही. प्रकाश इतक्या लांबच्या प्रवासात हळूहळू ऊर्जा गमावत असेल आणि म्हणून लाल होत असेल, तर प्रसरणाची गरजच काय? मी हट्टाने नाही विचारत, खरोखर जाणून घ्यायचं आहे.

कृत्तिका:
रास्त शंका. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९२९ मध्येच, हबलचा निबंध आला त्याच वर्षी, अशी कल्पना मांडली होती. ती तपासता येते, आणि तपासली गेली आहे.

प्रकाश नुसता थकत असेल तर त्याचा रंग बदलेल, पण घटनांचा *कालावधी* बदलणार नाही. प्रसरण असेल तर दोन लहरींमधलं अंतर जसं वाढतं तसं दोन घटनांमधलंही वाढायला हवं, आणि अगदी त्याच पटीत. एक-ए प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे स्फोट, ठरावीक पद्धतीने उजळतात आणि विझतात. ताम्रसृती १ वरचा सुपरनोव्हा, जवळच्याला वीस दिवस लागतात तिथे चाळीस दिवस घेताना दिसायला हवा. तसाच दिसतो. डार्क एनर्जी सर्व्हेच्या गटाने २०२४ मध्ये १,५०४ सुपरनोव्हांवर हे पडताळलं आणि ताणाची पट ताम्रसृतीशी अगदी काटेकोर जुळली. थकलेल्या प्रकाशाला याचं उत्तर देता येत नाही.

रेघोट्या:
हे मात्र मला माहीत नव्हतं आणि पटण्यासारखं आहे. आभार. दुसरी शंका: प्रकाशाचा वेगच पूर्वी वेगळा असेल तर?

कृत्तिका:
तेही गंभीरपणे मांडलं गेलंय. जॉन मॉफट यांनी १९९२ मध्ये, अल्ब्रेख्त आणि माग्वेजू यांनी १९९९ मध्ये, अगदी सुरुवातीच्या विश्वासाठी. नुसतं "वेग बदलला" म्हणून मात्र काही हाती लागत नाही, कारण १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशवेगावरून केलेली आहे. तपासायचं ते एकक नसलेल्या आकड्यांवर. उदाहरणार्थ सूक्ष्मरचना स्थिरांक, ज्यात प्रकाशवेग, इलेक्ट्रॉनचा भार आणि प्लांकचा स्थिरांक एकत्र येतात. गॅबनमध्ये ओक्लो इथे सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती. तिथल्या समस्थानिकांचं प्रमाण सांगतं की हा आकडा तेव्हाही जवळपास हाच होता.

रंकाळा:
इथे जयंत नारळीकर सरांची आठवण होणं साहजिक आहे. जन्म आमच्या कोल्हापूरचा. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले. आयुका ही पुण्याची खगोलशास्त्र संस्था १९८८ साली उभी राहिली ती त्यांच्या नेतृत्वाखाली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं आणि महास्फोटाच्या कल्पनेला शेवटपर्यंत चिकित्सकपणे प्रश्न विचारले.

स्थिरस्थिती सिद्धान्तात विश्व प्रसरण पावत नाही असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांच्या १९४८ च्या मांडणीतही विश्व प्रसरणच पावतं, फक्त नवं द्रव्य निर्माण होत राहून घनता तीच राहते. तर त्या विश्वात पिंपळपार सरांच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं उत्तर काय आलं असतं?

उत्तररात्र:
रंकाळा, फार मोलाचा प्रश्न काढलात. मूळ स्थिरस्थिती विश्वात सगळं कायम सारखं, म्हणून हबल स्थिरांकही खरोखरच स्थिर. सीमा जागची हलत नाही. मग सीमेबाहेर निघालेला प्रकाश कायम मागेच वाहत राहील, कधीही पोचणार नाही. म्हणजे त्या विश्वात मुलीचं उत्तर शब्दशः खरं ठरतं! ज्या दीर्घिका प्रकाश सोडताना सीमेपलीकडे होत्या त्या तिथे दिसल्याच नसत्या.

(१९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी मांडलेल्या अर्धस्थिरस्थिती सिद्धान्तात विश्व आवर्तनांनी फुगतं-आकसतं, तिथे हे इतकं सरळ राहत नाही.)

आता कृत्तिकाताईंनी राखून ठेवलेला परिणाम. आपलं विश्वही त्याच दिशेने निघालंय. हबल स्थिरांक ठरावीक किमतीवर स्थिरावत जाणार, सीमा बाहेर सरकायची थांबत जाणार. म्हणून आपल्यालाही एक क्षितिज आहे, आज सुमारे १६ ते १७ अब्ज प्रकाशवर्षांवर. तिथून पलीकडे *आज* निघालेला प्रकाश आपल्याकडे कधीच येणार नाही, कितीही थांबलो तरी. १४ आणि १६ अब्जांच्या मधल्या पट्ट्यातला येईल, ते ठिकाण प्रकाशवेगापेक्षा वेगाने दूर जात असूनही. दृश्य विश्वाची त्रिज्या ४६ अब्ज धरली तर त्याच्या आकारमानाचा पाच टक्क्यांहूनही कमी भाग या क्षितिजाच्या आत उरतो. बाकीच्या दीर्घिकांचा जुना प्रकाश आपल्याला मिळत राहील, पण आजची त्यांची अवस्था कधी कळणार नाही. मला हे वाचताना दर वेळी वाईट वाटतं, लपवत नाही.

मंजिरी_क:
मग आपली सूर्यमालाही ताणली जातेय का? मुलगा विचारतोय.

कृत्तिका:
नाही. गुरुत्वाकर्षणाने बांधलेलं काहीच ताणलं जात नाही. सूर्यमाला नाही, आकाशगंगा नाही. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर आकाशगंगेच्या दिशेने सेकंदाला शंभरेक किलोमीटरने *जवळ* येतेय.

नीरक्षीर:
एक मतभेद नोंदवतो. "अवकाश ताणलं जातं आणि त्याबरोबर लहर ताणली जाते" हे वाक्य शाळेत जपून वापरावं असं माझं ठाम मत आहे. ते ऐकून मुलांना वाटतं की अवकाश हा एखादा पदार्थ आहे आणि तो लहरीला धरून ओढतो. मग मंजिरीताईंच्या मुलाचा प्रश्न अटळ होतो. बन आणि हॉग यांनी २००९ च्या निबंधात दाखवलं की ताम्रसृतीकडे वाटेतल्या असंख्य छोट्या छोट्या डॉप्लर परिणामांची साखळी म्हणूनही पाहता येतं. प्रत्येक टप्प्यावर शेजारचा निरीक्षक आधीच्यापेक्षा किंचित दूर जात असतो, त्यामुळे लहर किंचित लाल दिसते. प्रत्येक टप्प्यावर प्रकाशाचा वेग तोच. ताणणारं काही लागत नाही.

कृत्तिका:
गणित तुमचं बरोबर आहे, दोन्ही वर्णनांतून आकडा एकच निघतो. पण शाळेत डॉप्लरचं नाव घेतलं की मुलं विशिष्ट सापेक्षतेचं सूत्र काढून ताम्रसृतीवरून थेट वेग काढतात, आणि मग कुठलीच दीर्घिका प्रकाशवेगाच्या पुढे जात नाही असं चुकीचं उत्तर येतं. डेव्हिस आणि लाइनवीव्हर यांनी दोन दशकांपूर्वी पाठ्यपुस्तकांतले नेमके हेच गोंधळ गोळा केले होते. मला ताणाची भाषा कमी धोक्याची वाटते. इथे आपण दोघे सहमत होणार नाही बहुतेक.

नीरक्षीर:
नाही होणार. पण सरांनी दोन्ही बाजू वाचून ठरवावं.

पिंपळपार:
दोन्ही सांगेन, मुलं समर्थ आहेत. मुलीला मुंगीचं कोडं दिलं, तिने बेरीज सोडवली आणि नवा प्रश्न आणला. हबल स्थिरांक पूर्वी जास्त होता हे तुम्ही सगळे सांगता, पण तो घटताना कोणी *प्रत्यक्ष* पाहू शकतं का? की नेहमी जुन्या प्रकाशावरून अंदाजच?

उत्तररात्र:
पाहता येईल अशी आशा आहे, आणि कल्पना १९६२ मधली, ॲलन सँडेज यांची. एकाच वस्तूची ताम्रसृती आज मोजा आणि वीस वर्षांनी पुन्हा मोजा. ती किंचित बदललेली असली पाहिजे. बदल इतका बारीक की वेगाच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षांत सेकंदाला काही सेंटीमीटर. सँडेज यांच्या काळात हे अशक्यच होतं. १९९८ मध्ये अब्राहम लोब यांनी दूरच्या क्वेसारांच्या (अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या) प्रकाशात हायड्रोजन ढगांनी उमटवलेल्या काळ्या रेषा वापरून हे करता येईल असं सुचवलं. चिलीत सेरो आर्माझोनेस डोंगरावर ३९ मीटर आरशाची दुर्बीण बांधली जातेय, तिच्या उद्दिष्टांत हे मोजमाप आहे.

मुलीला एवढं नक्की सांगा. ताम्रसृती साधारण २ च्या आतल्या वस्तूंची ताम्रसृती वर्षागणिक वाढत जायला हवी. त्यापलीकडच्यांची कमी होत जायला हवी, कारण त्यांचा प्रकाश निघाला तेव्हा एखाद्या ठरावीक दीर्घिकेचा दूर जाण्याचा वेग आजच्याहून जास्त होता. दोन दिशांचे हे दोन बदल एकाच दुर्बिणीत मोजले गेले की तिला हवं ते प्रत्यक्ष मिळेल. आत्ता ती दहावीत आहे, म्हणजे ते मोजणाऱ्यांच्या गटात असायला तिचं वय अगदी जुळतं.